धर्मसंस्थापकांचा कालपट: भिंतीवर कुणाचं कुठलं वर्ष छापायचं?

गोदाकाठचा_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका छोट्या वाचनालयाच्या भिंतीसाठी धर्मसंस्थापकांचा कालपट तयार होतो आहे. भिंत १२ फूट लांब, फ्लेक्स ३ फूट उंच. वाचक म्हणजे आठवी ते दहावीची मुलं आणि संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी. सध्याच्या यादीत झरथुष्ट्र, महावीर, बुद्ध, कन्फ्यूशियस, येशू, मुहंमद पैगंबर, शंकराचार्य, चक्रधर स्वामी, गुरू नानक, समर्थ रामदास आणि बहाई धर्माचे बहाउल्ला आहेत.

घोडं अडलंय ते वर्षांवर. बुद्धांचं जन्मवर्ष एका पुस्तकात इ.स.पू. ५६३ आहे, दुसऱ्यात ६२३. झरथुष्ट्राच्या बाबतीत तर हजार वर्षांचा फरक दिसतो. 'संस्थापक' हा शब्द सगळ्यांना लागू होतो का, अशीही शंका समितीतल्या एकांनी काढली. आणि कालपट लागल्यावर मुलांना नाशिक परिसरात प्रत्यक्ष काय दाखवता येईल? जाणकारांनी नेमकं सांगावं, म्हणजे छपाईला देण्याआधीच दुरुस्ती होईल.

शकगणक

आधी भिंतीचं माप घ्या, वर्षांचं नंतर बघू. १ वर्ष = १ मिलीमीटर धरा. इ.स.पू. १५०० पासून इ.स. २०२५ पर्यंत ३५२४ मिमी होतात, म्हणजे साधारण साडेअकरा फूट. १२ फुटांत बसतं आणि दोन्ही कडांना अडीच-अडीच इंच समास उरतो.

३५२५ का नाही, तर शून्य नावाचं वर्षच नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. कालपटातली सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. डाव्या टोकापासूनचं अंतर काढताना इ.स.पूर्व वर्ष १५०० मधून वजा करा आणि इसवी सनाच्या वर्षात १४९९ मिळवा. इ.स.पू. ५६३ येतं ९३७ मिमीवर, हिजरतीचं ६२२ येतं २१२१ मिमीवर, गुरू नानकांचं १४६९ येतं २९६८ मिमीवर. एकदा सारणी करून ठेवली की फ्लेक्सवाल्याला आकडे तोंडी सांगत बसावं लागत नाही.

आता बुद्ध. त्यांचं वर्ष थेट कुठेही कोरलेलं नाही, ते अशोकावरून मागे मोजलेलं आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं आहेत. त्यांचे काळ माहीत असल्यामुळे अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या आसपास ठरतो. श्रीलंकेच्या परंपरेत महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी हा अभिषेक झाला, म्हणून २६८ + २१८ = ४८६. आयुष्य ८० वर्षांचं, तेव्हा जन्म ५६६. अभिषेक तीन वर्षं अलीकडे धरला की शाळेच्या पुस्तकातले ५६३ आणि ४८३ मिळतात. उत्तरेकडच्या परंपरेत मात्र हेच अंतर १०० वर्षांचं आहे. त्या हिशोबाने निर्वाण इ.स.पू. ३६८ ला येतं. आजचे बरेच अभ्यासक मधली वाट घेऊन ते इ.स.पू. ४०० च्या आसपास ठेवतात.

६२३ ते ५४४ हा तिसरा हिशोब श्रीलंका आणि ब्रह्मदेशात रूढ असलेल्या बुद्धवर्षाचा. २५०० वी बुद्धजयंती १९५६ साली साजरी झाली ती याच गणनेने. म्हणून तुमच्या दोन्ही पुस्तकांत छपाईची चूक नाही. त्यांच्या मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत.

आता ज्या जागी हमखास घोटाळा होतो ती जागा. महावीर आणि बुद्ध समकालीन होते. पाली ग्रंथांत महावीर 'निगंठ नातपुत्त' या नावाने येतात आणि पावा इथे त्यांचं देहावसान झाल्याची बातमी बुद्ध हयात असताना येते. तेव्हा महावीर आधी गेले, बुद्ध नंतर. महावीरांचं परंपरेचं वर्ष ५९९ ते ५२७. त्याच्या शेजारी बुद्धांचं ४८३ ठेवलं तर क्रम बरोबर राहतो. ५४४ ठेवलं तर बुद्ध १७ वर्षं आधी गेले असं चित्र दिसतं आणि ग्रंथ खोटा पडतो. उलट नव्या संशोधनाप्रमाणे बुद्धांना ४०० कडे सरकवलं आणि महावीरांना ५२७ लाच ठेवलं, तर दोघांची भेटच होत नाही. एकाला हलवलं की दुसऱ्यालाही हलवावंच लागतं. माझं मत: दोघांसाठी परंपरेची ५९९–५२७ आणि ५६३–४८३ ही जोडी ठळक पट्टीत छापा, आणि खाली फिकट पट्टीत 'आधुनिक संशोधन: सुमारे शंभर वर्षं अलीकडे' एवढंच लिहा.

महावीरांचं ५२७ कुठून आलं, तेही मुलांना गणित करून दाखवता येतं. जैन परंपरेत निर्वाणानंतर ६०५ वर्षं ५ महिन्यांनी शक सुरू झाला. ६०५ वजा ७८ म्हणजे ५२७. वीर निर्वाण संवत यावरच चालतो. २५०० वा निर्वाण महोत्सव १९७४ च्या दिवाळीत झाला, तोही शून्य वर्ष वगळून तंतोतंत जुळतो.

झरथुष्ट्रासाठी बिंदू देऊच नका. त्यांच्या गाथांची (स्तोत्रांची) भाषा ऋग्वेदाच्या भाषेच्या इतकी जवळची आहे की अनेक भाषाभ्यासक त्यांना इ.स.पू. १५०० ते १००० मध्ये ठेवतात. दुसरी गणना पारशी परंपरेतली, 'सिकंदरापूर्वी २५८ वर्षं'. ती सिकंदराच्या इराणविजयापासून, म्हणजे इ.स.पू. ३३० पासून मोजली तर ५८८ येतं. पहिली पट्टी ५०० मिमी रुंद आणि फिकट कडांची करा, दुसरी एक तुटक रेघ.

शंकराचार्यांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकात ७८८–८२० असतं. काही पीठांच्या परंपरेत मात्र जन्म इ.स.पू. ५०९ चा मानतात. तुमच्या भिंतीवर हे अंतर १२९६ मिमी, म्हणजे सव्वाचार फूट भरतं. इथे दोन्ही खुणा दाखवून मध्ये बारीक जोडरेघ ओढा. मूल हाताने मोजेल तेव्हा मतभेद म्हणजे काय ते त्याला लगेच समजेल.

त्रिरश्मीचा_विद्यार्थी

वरच्या हिशोबाला एक जोड. नुसतं संस्थापकाचं वर्ष छापून पुरत नाही, ते आपल्याला कुणी आणि कधी सांगितलं तेही छापा. प्रत्येकासाठी दोन खुणा हव्यात: आयुष्याची पट्टी, आणि त्यांच्याविषयीची जुनी लिखित नोंद. दोन्हींमधलं अंतर हाच या कालपटाचा खरा विषय आहे.

बुद्धांचा जन्म लुंबिनीत झाला याचा कोरीव पुरावा अशोकाच्या स्तंभावर आहे. तो अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावरचा, म्हणजे इ.स.पू. २४९ च्या सुमाराचा. तिपिटक (बौद्धांचे मूळ पाली ग्रंथ) श्रीलंकेत लिहून काढलं गेलं ते इ.स.पू. पहिल्या शतकात, तोवर सगळं मुखोद्गत होतं. श्वेतांबर जैनांचे आगम वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या पुढाकाराने लेखी झाले ते निर्वाणानंतर ९८० वर्षांनी (दुसऱ्या मोजणीत ९९३). येशूच्या बाबतीत मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचं, म्हणजे चाळीसेक वर्षांचं अंतर. कुराणाची प्रमाण संहिता खलिफा उस्मान यांच्या काळात, ६४४ ते ६५६ मध्ये ठरली, तर पैगंबरांचं सविस्तर चरित्र आठव्या शतकातल्या इब्न इसहाक यांचं. तेही आज मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संपादनातून मिळतं. गुरू नानकांची बाणी १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथात संकलित केली.

आता नाशिक. सुरुवात पांडवलेण्यांपासून करा. त्रिरश्मी डोंगरावरची ही २४ लेणी शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. बहुतेक लोक लेणं २० मधली मोठी बुद्धमूर्ती पाहून उतरतात. या विषयासाठी मात्र लेणं १८, १० आणि ३ ही तीन जास्त बोलकी आहेत.

लेणं १८ हे चैत्यगृह. पूजेचं स्थान म्हणून आत स्तूप आहे. सुरुवातीच्या काळात संस्थापकाचं रूप कोरत नसत, स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र अशा खुणांनी ते सुचवत. मूर्ती नंतरच्या शतकांत आल्या. मुलांना आधी १८ आणि मग २० दाखवलं तर हा बदल वेगळा समजवावा लागत नाही.

लेणं १० क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. तिथल्या लेखात ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव आहे, ती विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवलेली. २००० वर दरमहा शेकडा १, आणि १००० वर शेकडा पाऊण. २००० चं व्याज वर्षाला २४० होतं. लेख म्हणतो, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. भागाकार करून बघा, बरोबर जुळतो. उरलेल्या हजाराचे ९० किरकोळ खर्चासाठी. संस्थापकाच्या पश्चात सहाशे-सातशे वर्षांनीही परंपरा कशी टिकून राहते, याचं उत्तर या आकडेमोडीत आहे: कुणीतरी दर पावसाळ्याच्या वस्त्रांची सोय कायमची लावून ठेवली.

लेणं ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. हे लेणं भदायनीय भिक्षुसंघाला दिलेलं. म्हणजे तोवर एका संस्थापकाच्या मागे अनेक निकाय (उपपंथ) झाले होते आणि दानपत्रात निकायाचं नाव लिहावं लागत होतं.

पाहताना एक सूचना. ब्राह्मी अक्षरं समोरून टॉर्च मारला की सपाट दिसतात, काही वाचता येत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा, खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. अक्षरांवर खडू फिरवणं किंवा पाणी मारणं अजिबात नको. संरक्षित स्मारक आहे, आणि त्याने दगडाचा पापुद्रा सुटतो.

सकळलिपी

'संस्थापक' या शब्दावर तुमच्या समितीतल्या सदस्यांची शंका अगदी योग्य आहे. यादीतल्या बहुतेकांना त्यांच्या अनुयायांच्या दृष्टीने हा शब्द लागू होत नाही.

जैनांसाठी महावीर चोविसावे तीर्थंकर, पहिले ऋषभदेव. बागलाणातल्या मांगीतुंगीला १०८ फुटी मूर्ती उभी आहे ती ऋषभदेवांची, २०१६ साली प्रतिष्ठापना झालेली. भिंतीवर 'जैन धर्माचे संस्थापक महावीर' असं छापलंत तर मांगीतुंगीला जाऊन आलेलं मूल पहिला प्रश्न हाच विचारेल. मुस्लिमांसाठी मुहंमद पैगंबर हे शेवटचे प्रेषित, धर्म आदमपासूनचा. बौद्ध परंपरेतही गौतमाआधीचे बुद्ध आहेत. महानुभाव पंथात चक्रधर स्वामी हे पंचकृष्णांपैकी एक, परमेश्वराचा अवतार. माणसाने स्थापलेला पंथ ही भाषा तिथे चालत नाही. गुरू नानकांना 'पहिले गुरू' म्हणणं शीख परंपरेला धरून आहे. तेव्हा शीर्षक 'धर्मप्रवर्तक आणि आद्य गुरू' करा, आणि प्रत्येक नावाखाली त्या परंपरेतली पदवी द्या: तीर्थंकर, सम्यक् संबुद्ध, ख्रिस्त, रसूल, आचार्य, अवतार, गुरू.

हीच काळजी शेवटच्या रकान्यात घ्या. 'मृत्यू' असा एकच मथळा सगळ्यांना लावू नका. महावीरांचं निर्वाण, बुद्धांचं महापरिनिर्वाण, पैगंबरांची वफात, गुरू नानकांचं ज्योतीज्योत समावणं, संतांची समाधी. चक्रधर स्वामींबाबत महानुभाव 'उत्तरापंथे गमन' म्हणतात, निधनाचा उल्लेख केलेला त्यांना दुखावतो. येशूच्या रकान्यात क्रूसारोहणाबरोबर पुनरुत्थान लिहिल्याशिवाय ख्रिस्ती वाचकाला ती ओळ अर्धवट वाटेल.

लीळाचरित्राला, म्हणजे चक्रधर स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाला, वेगळी जागा द्या. त्रिरश्मी यांनी जी दुसरी खूण सांगितली, त्यात मराठीचं उदाहरण जगातल्या कुठल्याही परंपरेच्या शेजारी अभिमानाने ठेवावं असं आहे. स्वामींचं उत्तरापंथे गमन १२७० च्या दशकातलं. त्यानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. तेराव्या शतकातच ग्रंथ उभा राहिला. मूळ प्रत पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून पाठ पुन्हा लिहिले, म्हणून आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ मिळतात. मुलांना पाठभेद समजवायला याहून सोपं उदाहरण नाही.

वारकरी परंपरेसाठी एक नाव शोधू नका. पंढरीची वारी ज्ञानदेवांच्या आधीची आहे. त्यांनी पाया रचला असं संत म्हणतात, ते संप्रदायाच्या इमारतीबद्दल. नाशिककरांनी इथे त्र्यंबकेश्वर दाखवावं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा दिली आहे. त्यातल्या निवृत्तिनाथांची समाधी तिथेच आहे, आणि गहिनीनाथांचा उपदेश त्यांना ब्रह्मगिरीवर झाला असं परंपरा सांगते. कालपटावर ही परंपरा एका बिंदूने दाखवता येणार नाही, साखळी काढा. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते, त्या आठवड्यात मुलांची सहल नेऊ नका, दर्शनबारीतच दिवस जाईल.

येवलेकर

यादीत बाबासाहेब नाहीत. ते संस्थापक म्हणून नको, पण नाशिकच्या भिंतीवर ही नोंद नसणं बरोबर दिसणार नाही. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा. घोषणा आणि दीक्षा यांत २१ वर्षं आणि एक दिवस. वर शकगणकांनी सांगितलेलं २५०० वं बुद्धवर्ष ते हेच. नोंदीचं शीर्षक 'धम्मचक्र प्रवर्तन' ठेवा आणि २२ प्रतिज्ञांचा उल्लेख करा. प्रवर्तन म्हणजे चक्र फिरतं करणं, त्यामुळे संस्थापकाचा वाद इथे उद्भवतच नाही.

येवला आणि मांगीतुंगी एका दिवसाच्या सहलीत घालू नका, दिशा वेगवेगळ्या आहेत. पांडवलेणी, काळाराम आणि टाकळी (समर्थ रामदासांच्या तपश्चर्येचं ठिकाण) एका दिवसात होतात.

गोदाकाठचा_वाचक

मनापासून आभार. शीर्षक बदलतो, दोन खुणांची पद्धत घेतो आणि धम्मचक्र प्रवर्तनाची नोंद येणारच. तीन शंका उरल्या. टाकळीच्या समर्थांचं शेवटचं वर्ष १६८१ की १६८२? हिजरी सन इसवीत कसा बदलायचा? आणि चित्रं कुठली वापरायची?

शकगणक

समर्थांचा जन्म चैत्र शुद्ध नवमी, शके १५३०. त्यात ७८ मिळवले की १६०८, बरोबर. समाधी माघ वद्य नवमी, शके १६०३. इथे सरसकट ७८ मिळवून १६८१ छापलं जातं. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुन पुढच्या इसवी वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवायचे. म्हणून १६८२. पौषात तारीख कुठल्या बाजूला पडते ते पंचांगात पाहावं लागतं. टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या झाली ती परंपरेप्रमाणे १६२० ते १६३२, भिंतीवर जेमतेम १२ मिमी. ती वेगळ्या रंगात दाखवा, नाशिकच्या मुलांना आपलं गाव लगेच सापडेल.

हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. नुसते ६२२ मिळवणं चूक. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. १४४७ घ्या: १४०३.६ अधिक ६२२ म्हणजे २०२५.६. ते वर्ष २०२५ च्या जूनअखेरीला सुरू झालं, तेव्हा अंदाज ठीक बसतो. हिजरी सन पैगंबरांच्या जन्मापासून मोजत नाहीत, मक्केहून मदिनेला केलेल्या हिजरतीपासून मोजतात, आणि ही मोजणी खलिफा उमर यांच्या काळात ठरली. आयुष्याची पट्टी सुमारे ५७० ते ६३२.

येशूचा जन्म इ.स. १ ला छापू नका. ही गणना डायोनिसियस एक्झिगस या साधूने इ.स. ५२५ मध्ये बसवली, आणि तिच्यात काही वर्षांची चूक आहे. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला आणि जन्म त्याच्या हयातीतला, म्हणून इ.स.पू. ६ ते ४ धरतात.

जयंत्यांचा रकाना करणार असाल तर दोन ठिकाणी जपा. गुरू नानक जयंती कार्तिकी पौर्णिमेला असते, पण जुनी जनमसाखी वैशाखातला जन्म सांगते, म्हणून संदर्भग्रंथात १५ एप्रिल १४६९ दिसेल. दुसरं, पारशी शहेनशाही पंचांगात लीप दिवस नाही, ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतं. झरथुष्ट्रांचा जन्मदिन खोरदाद साल सध्या ऑगस्टमध्ये येतो, फसली पंचांगात तोच मार्चमध्ये. तिथे इंग्रजी तारीख न छापता 'फरवरदीन महिन्याचा सहावा दिवस' छापा, ते कायम बरोबर राहील. कन्फ्यूशियस ५५१–४७९ आणि बहाउल्ला १८१७–१८९२, या दोन नोंदींत काही अडचण नाही.

सिडकोचा_डीटीपीवाला

चित्रांबद्दल: पैगंबरांचं चित्र कुठल्याही परिस्थितीत नको. एकट्यांची चौकट रिकामी ठेवून बाकीच्यांची काल्पनिक चित्रं लावली तरी ते खटकतं. म्हणून कुणाचाच चेहरा घेऊ नका. सगळ्यांना लिपीचा किंवा स्थळाचा नमुना द्या. लुंबिनीच्या स्तंभाची ब्राह्मी ओळ, अवेस्ता लिपीतली गाथेची ओळ, अरबी सुलेखन, गुरुमुखीतला इक ओंकार, महानुभावांची सकळ लिपी. रुंदी सगळ्यांची सारखी, १०० मिमी पुरे.

इ.स.पू. ६०० ते ४०० या पट्ट्यात महावीर, बुद्ध, कन्फ्यूशियस एकमेकांवर चढतील. आडवे चार पट्टे पाडा: भारत, चीन, इराण, पश्चिम आशिया. भारताचा पट्टा दुप्पट उंच ठेवा, तिथे गर्दी जास्त आहे. नमुने पट्ट्यांत कोंबू नका, तळाला एका ओळीत लावा आणि बारीक रेघेने वर जोडा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिलात आणि दुकानात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला तर रफार आणि जोडाक्षरं तुटतात. 'धर्म'चा 'धम' झालेला फ्लेक्स लावल्यावरच लक्षात येतो. फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचे चित्राकार करून) द्या, आणि पीडीएफ 'अ‍ॅक्च्युअल साइज'ला छापायला सांगा. 'फिट टू पेज' केलं की १ वर्ष १ मिमी राहत नाही, सगळी मापं फुकट जातात. पडताळणीसाठी तळाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक रेघ टाका आणि फ्लेक्स ताब्यात घेताना तिच्यावर पट्टी लावून बघा. वाचणारे तीन-चार फुटांवर उभे राहणार, तेव्हा नावं ३६ पॉइंट, वर्षं २४, खालची टीप १८ च्या खाली नको. ज्येष्ठांसाठी पिवळ्यावर पांढरं टाळा. बारा फुटी फ्लेक्स नुसत्या वरच्या रिंगांवर टांगला की मध्ये झोळ पडतो आणि पट्ट्या वाकड्या दिसतात. फ्रेमवर ताणून घ्या किंवा सनबोर्डावर चिकटवा.